न्हाणीच्या चिखलातला लोटा

आमच्या घरी रेडिओ आला तो सोवळ्यातच. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची गल्ली होती, वीज अजून तिथवर पोचली नव्हती, म्हणून बॅटरीवर चालणारा लाकडी खोका. बाबा वकील होते, पण घराणं भिक्षुकांचं. कोर्टातून आले की काळा कोट मागच्या दारी खुंटीला लावायचे, आंघोळ करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. त्यांनी रेडिओ बैठकीतल्या कोनाड्यात बसवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि नियम सांगून टाकला. आंघोळ केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि बायकांनी आंघोळ केली तरी लावायचा नाही.

हा दुसरा नियम मला त्याच दिवशी झोंबला. अजूनही झोंबतो. माणूस म्हातारा झाला की राग निवतो म्हणतात, माझा काही निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

पहिल्याच आठवड्यात बाबांच्या एका अशिलानं बैठकीत शंका काढली. खोक्यातून बोलणारा माणूस कोण, कुठला, काय खाऊन आलेला, हे कसं कळायचं? एवढ्या सोवळ्याच्या घरात त्याचा शब्द चालतो काय? बाबांनी कोर्टात द्यावा तसा निवाडा दिला. "आवाजाले विटाळ नसतो. विटाळ शिवल्यानं होतो." बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मधल्या दाराआड उभी होते, मी तो निवाडा ध्यानात ठेवला.

एरियल बांधायला माझे मामा अमरावतीहून आले होते. आईचे थोरले भाऊ, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, दोन बांबू उभे केले, मधे तांब्याची तार ताणली, तिच्या टोकांना चिनी मातीचे मणी लावले. दुसरी एक तार बैठकीच्या मागच्या खिडकीतून बाहेर काढून परसात आणली. तिला अर्थ म्हणायचं, इंग्रजीतली जमीन; ती ओल्या मातीत असली की खरखर जाते. तिचं टोक एका नळीला बांधून मामांनी ती नळी न्हाणीच्या नालीजवळ पुरली. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, पण न्हाणीचं पाणी रोज मुरायचं तेवढी जागा बारा महिने ओली असायची. "इथंच राहू द्या, आणि मधून मधून मुठभर मीठ टाकत जा," असं बजावून मामा गेले.

मामांची पाठ वळली आणि बाबांनी नळी उपटून काढली. न्हाणीचं पाणी, सगळ्या घराचा मळ, त्याच्याशी आपल्या बैठकीचा संबंध? छे. त्यांनी पूजेतला एक जुना तांब्या घेतला, तारेला आणखी तार जोडून ती अंगणातल्या तुळशीपर्यंत नेली आणि तांब्या वृंदावनातल्या मातीत पुरला. तुळशीला रोज पाणी असतंच, शिवाय जागा पवित्र. जोड बरोबर न्हाणीच्या पडवीच्या खांबाशी आला. बाबांना आपल्या युक्तीचं इतकं कौतुक वाटलं की त्या संध्याकाळी त्यांनी दोन शेजाऱ्यांना अंगणात आणून ती दाखवली.

त्या दिवसापासून आमच्या रेडिओला जो खोकला लागला तो लागलाच. मुंबईहून मराठी बातम्या लागायच्या त्या दिवेलागणीनंतर, आणि त्याही फुटाणे भाजून राहिल्यासारख्या. नागपूरला तेव्हा केंद्र नव्हतं. लढाईचे दिवस होते. बैठकीत चार-पाच माणसं जमायची, कान पुढे करून बसायची, आणि ज्याला जे कळलं ते जोडून बातमी तयार करायची. एकदा अशी जोडलेली बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नेमकी उलट निघाली. बाबा कधी बॅटरीला दोष द्यायचे, कधी हवेला, कधी मुंबईला. तांब्याला कधी दोष दिला नाही.

मग ताई गेली. माझी मोठी बहीण. तिला नर्स व्हायचं होतं, आणि बाबांच्या लेखी नर्स म्हणजे उभ्या गावाचा विटाळ पोटापाण्यासाठी अंगावर घेणारी बाई. तिनं खूप विनवलं, मग विनवणं सोडलं आणि मुंबईला निघून गेली. मामांनी तिला गाडीत बसवून दिलं हे बाबांना नंतर कळलं. बाबांनी तिच्या नावानं आंघोळ केली. हे मी बोलण्यापुरतं म्हणत नाही. भर दुपारी ते न्हाणीत गेले, डोक्यावरून घागर ओतून घेतली, ओल्या धोतरानं बाहेर आले आणि आईला म्हणाले, "तूही कर." आईनं केली. त्यानंतर ताईचं नाव घरात कुणी काढलं नाही, आणि दुसरी पोरगी हातची जाऊ नये म्हणून माझी शाळा बंद झाली.

मामा त्यानंतर क्वचितच यायचे. ताई गेल्याला तिसरं वर्ष लागलं, त्या उन्हाळ्यात एका बुधवारी मात्र दुपारीच आले. बाबा कोर्टात होते. मामांच्या सासुरवाडीची माणसं शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागेत होती, तिकडची संत्र्यांची पिशवी त्यांनी चुलीपाशी ठेवली आणि उभ्या उभ्याच आईला सांगितलं, "शुक्रवारी पोरगी रेडिओवर बोलून राहिली. बातम्यांच्या आधी. लहान लेकराले आंघोळ कशी घालावी, त्याच्यावर."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "आमची?"

"तुमचीच. दुसरी कोणती आहे मले?"

तव्यावरची पोळी करपली, ती मीच उतरवली. मग आई म्हणाली, "दादा, आमच्या रेडिओत तिचा आवाज येईन काय?"

"येईन. पण तुमच्या खरखरीतून समजन किती, सांगता येत नाही."

"समजलं नाही तरी चालते. आवाज आयकू आला पायजे. एकडाव आयकला म्हंजे झालं."

मामांनी खरखर काहून एवढी होते म्हणून विचारलं. "अर्थ न्हाणीजवळच आहे ना?" मी म्हटलं, नाही, तुळशीत आहे. "तुळशीत म्हंजे, तुळशीपाशी?" मी म्हटलं, तुळशीत, वृंदावनात, पूजेच्या तांब्यात. मामा अंगणात जाऊन पाहून आले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अवं, ते वृंदावन दगडी जोत्यावर, खाली फरशी, चारी बाजूनं चुना. तांब्या मातीत आहे, पण ते माती जमिनीले कुठी लागून राहिली? वकीलसाहेबानं अर्थ कुंडीत लावला."

ते बाबांशी बोलायला निघाले होते, पण आईनं अडवलं. "त्यायले काही सांगू नको. तुह्या तोंडून आयकलं तर त्या दिवशी रेडिओच लावणार नाहीत." तिचं बरोबर होतं. ताई बोलणार आहे हे बाबांना कळता कामा नव्हतं. ते बातम्यांच्या आधीच रेडिओ लावून सुई इकडेतिकडे करत बसायचे. त्याच वेळात ताई येणार होती, आयतीच. फक्त तिला खरखरीतून बाहेर काढायचं होतं. बाबा यायच्या आत मामा निघाले. जाताना मला म्हणाले, "जोडापासून तार सोडव आणि न्हाणीजवळ नळी गाड. एवढंच तर काम आहे."

एवढंच काम होतं, आणि गुरुवारी सकाळी मी बाजूला बसले. म्हणजे महिन्याची अडचण. आमच्या घरी त्या दिवसांत बाईनं न्हाणीशेजारच्या पडवीत राहायचं. घोंगडी वेगळी, ताट वेगळं, पितळेचा एक पोचे आलेला लोटा वेगळा. जेवण वरून वाढायचं, पाणी वरून ओतायचं. अंगणात जायचं नाही, तुळशीकडे तर पाहायचंही नाही, ती वाळते म्हणे. मी एकदा मुद्दाम पाऊण दुपार तिच्याकडे टक लावून पाहत बसले होते. तुळशीला काही झालं नाही.

आईचा चेहरा पडला. न्हाणीजवळ खणायला ती स्वतः धजणार नव्हती, बाबांनी पाहिलं तर काय सांगायचं? दुपारी ती वाढायला आली तेव्हा नुसती बोलली, "राहू दे आता. नशिबात नाही." मला तिचा राग आला. नशिबात नाही हे वाक्य आमच्या घरात बाबा कधी म्हणत नसत, ते फक्त आई म्हणायची. मी ताटावर बसल्या बसल्या वर पाहिलं आणि मग मला दिसलं की बाबांनी मारलेला तो जोड माझ्या डोक्यावरच्या खांबाला आहे. मला हाकलून बसवायला त्यांनी जी जागा ठरवली, नेमकी तिथूनच त्यांच्या रेडिओची तार जात होती.

"आई, मुठभर मीठ दे."

"काहून?"

"पायजे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. आत गेली आणि मूठभर नाही, पसाभर खडेमीठ आणून वरून माझ्या ओंजळीत टाकलं.

त्या संध्याकाळी रेडिओ सुरू झाल्यावर मी जोड सोडवला. तुळशीकडची तार लोंबकळत राहिली आणि आतली खरखर होती तशीच चालू राहिली, तसूभरही कमीजास्त नाही. म्हणजे इतकी वर्षं तो तांब्या तिथं नुसता शोभेला होता. माझ्यापाशी नळी नव्हती, लोटा होता. नालीच्या कडेचा चिखल हातानं उकरला, मीठ टाकलं, लोटा गळ्यापर्यंत रोवला आणि तारेचं टोक त्याच्या काठाला टेकवलं. आत एकदम एक माणूस स्पष्ट बोलायला लागला. "आलं, आलं," असं बैठकीतून कुणीतरी म्हणालं. मी पटकन तार काढली. पुन्हा फुटाणे. बाबा खोक्यावर थापट्या मारत असल्याचं ऐकू आलं, आणि मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. कळलं एवढंच पुरे होतं. तार गुंडाळून बांधायची म्हटलं तर लोट्याचा काठ जाड आणि गुळगुळीत, ती निसटून यायची. हातानंच दाबून धरावी लागणार होती.

शुक्रवारी उन्हं उतरल्यावर मी नालीत पुन्हा पाणी ओतलं, उरलेलं मीठ टाकलं आणि लुगड्याचा काचा वर खोवून चिखलात बसले. बैठकीची मागची खिडकी माझ्या डोक्याच्या थोडी वर होती. उठून उभं राहिलं की गजांतून कोनाडा, बाबांची पाठ आणि मधलं दार दिसायचं. पण उभं राहिलं की तार सुटायची. शेवटी मी लोटा एका पायाच्या तळव्यानं दाबला, तार वर ओढून त्याच पायाच्या बोटांत आवळली आणि गजांना धरून वाकडी उभी राहिले. मधल्या दाराआड आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

बाबांनी रेडिओची खुंटी फिरवली. आधी बाजाची पेटी वाजत होती, ती स्वच्छ. बैठकीतली माणसं चकित झाली. एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, आज तर मुंबई गल्लीत आली." बाबा खुशीत हसले. मग कुणीतरी सांगितलं की आता एक परिचारिका लहान मुलांच्या आंघोळीविषयी बोलतील, नाव सांगितलं नाही की मला ऐकू आलं नाही, आणि ताई बोलायला लागली.

तिची भाषा बदलली होती. पुस्तकातल्यासारखी, जपून टाकलेली. पण आवाज तोच, किंचित बसका, वाक्याच्या शेवटी खाली येणारा. बाबांची मान ताठ झाली. त्यांनी ओळखलं. त्यांचा हात खुंटीकडे गेला तो मला दिसला, आणि मी काहीही करू शकत नव्हते. मी पायाची बोटं आणखी आवळली, जणू त्यानं हात थांबणार होता.

थांबवला तो शेजारच्या म्हाताऱ्यानं. त्यांच्या घरी नुकताच नातू झाला होता. "राहू द्या, वकीलसाहेब, राहू द्या," ते म्हणाले, "मोठ्या कामाचं सांगून राहिली बाई. आमच्या सूनबाईले सांगतो." बाबांचा हात हवेत राहिला. सगळे ऐकत होते. बंद करायचा तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण देणं म्हणजे ही माझी मुलगी हे सांगणं. ते हात मागे घेऊन बसले. आपल्याच बैठकीत, आपल्याच निवाड्याप्रमाणे, विटाळ नसलेला आवाज ऐकत.

ताई सांगत होती. पाणी किती कढत आहे ते बोटानं पाहू नका, कामानं बोटं राठ झालेली असतात. कोपर बुडवून पाहा. "आमची आई असंच पाहत असे," ती म्हणाली. मधल्या दाराआडचा लुगड्याचा काठ खाली गेला. आई बसली होती. मग मधे दोनदा ताईचा आवाज अडला, ती खाकरली, पुढे बोलली, आणि संपलं.

बातम्या लागल्या. त्याही लख्ख. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण मी सोडलं नाही. आता सोडायचं नाहीच, असं मी ठरवलं होतं. का ते विचारू नका, मला त्यांना दाखवायचं होतं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बाबा परसात आले. आज एवढं स्वच्छ कसं येतंय ते पाहायला आले असतील, किंवा बैठकीत बसवेना म्हणून आले असतील. त्यांनी तुळशीकडे लोंबणारी सुटी तार पाहिली, खांब पाहिला, मला पाहिलं. मी चिखलात, विटाळशी, माझ्या पायाखाली विटाळशीचा लोटा, पायाच्या बोटांत तार, आणि त्या तारेचं दुसरं टोक त्यांच्या सोवळ्या कोनाड्यात. मघा त्याच खोक्याची खुंटी त्यांनी स्वतःच्या हातानं फिरवली होती. शिवल्यानं विटाळ होतो तर तो झाला होता, त्यांना झाला होता, आणि तारेनं जात असेल तर बैठकीतल्या सगळ्यांना झाला होता.

मीच विचारलं, "सोडू काय, बाबा?"

मी खाली पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांकडे पाहत विचारलं. आतून हाक आली, "वकीलसाहेब, लवकर या, लढाईचं सांगून राहिले."

बाबांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बातम्या होईस्तोवर धर."

आणि आत गेले. या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर कितीतरी वर्षं चिडून होते. बातम्यांसाठी विटाळ चालला, लेकीसाठी चालला नाही. पुढे तो लोटा तिथून कुणी काढला नाही. माझे दिवस संपले तेव्हा तार त्याच्या गळ्याला सुतळीनं पक्की बांधलेली दिसली, वर दगड ठेवलेला होता. कुणी बांधली ते घरात कुणी विचारलं नाही, आणि आमच्या रेडिओचा खोकला कायमचा गेला.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. माणसं घरोघर गेल्यावर बाबा न्हाणीत शिरले. घागरीमागून घागर अंगावर ओतल्याचा आवाज येत होता आणि ते सगळं पाणी नालीतून वाहत माझ्या लोट्यावर येत होतं. मी पडवीत पाय चोळत बसले होते. आई माझं ताट घेऊन आली. वरून वाढायला उभी राहिली नाही, माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझा लोटा चिखलात होता, म्हणून तिनं पाणी घरातल्या तांब्यातून आणलं होतं. तो तिनं माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तिनं ती काढून घेतली नाहीत.

"आयकलं म्या," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "खोकला झाला आहे तिले. काढा करून देणारं कोणी नसन तिथं."

मी जेवेपर्यंत ती तशीच बसून राहिली. बाबा न्हाणीतून बाहेर आले, आमच्याकडे न पाहता आत गेले. न्हाणी रिकामी झाली. चुलीवरच्या हंड्यात पाणी अजून गरम होतं, आणि मला शिवल्यावर आईनं काय करायचं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. ती उठली. रिकामा तांब्या घेतला, न्हाणीच्या दारावरून सरळ पुढे गेली, स्वयंपाकघरात शिरली आणि आंघोळ न करता बाबांचं ताट वाढायला बसली.